घराची पत्रिका

‘घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून’ असें आपले वाडवडील म्हणत. हल्लीं शहरांत स्वतः उभें राहून घर बांधणारा गृहस्थ विरळा. बहुतेक जण तयार घर विकत घेतात, आणि वडिलोपार्जित वाडा असेल तर तो विकतात किंवा नवी इमारत उठविण्यासाठीं बांधकाम व्यावसायिकाच्या स्वाधीन करतात. तरी म्हणींतील त्या दोन कार्यांची जोडी अजून फुटलेली नाहीं. दोहोंतही आयुष्याची पुंजी लागते, आणि दोहोंतही एकदां पुढें टाकलेलें पाऊल मागें घेणें फार कठीण असतें.

असें असून या दोन कार्यांत आपली वागणूक किती निराळी! मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें म्हटलें म्हणजे आपण गोत्र, नाडी, शिक्षण, स्वभाव, घरांतील माणसें, एवढेंच नव्हे तर मुलाची आत्या मागें कोणाशीं कां भांडली होती, तेंही शोधून काढतों. घर पाहावयास गेलों म्हणजे मात्र दिवाणखाना केवढा, स्वयंपाकघरांत उजेड येतो कीं नाहीं, देव कोणत्या दिशेस बसतील आणि खिडकींतून पर्वती दिसते काय, इतकें पाहून आपलें समाधान होतें. मुलाची पत्रिका दोन-दोन ज्योतिषांना दाखविणारे लोक घराची पत्रिका मागत नाहींत. शहरांतील जमिनीच्या सरकारी उताऱ्याला ‘मिळकत पत्रिका’ असेंच नांव आहे, हेंही पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

याचें कारण अज्ञान असें म्हणतां येत नाहीं. आमच्या वाचकवर्गांत लिहिण्यावाचण्याची वाण नाहीं. आमच्या मतें खरें कारण भीड हें आहे. विकणारा ओळखीचा, कधीं नात्यांतला, बोलण्यांत सभ्य. त्याच्याजवळ कागद मागणें म्हणजे त्याच्या शब्दाचा अवमान, असें आपल्याला वाटतें. विकणाऱ्याच्या घरींही तीच कथा: बहिणीला हिस्सा कसा सांगावा, काकूची सही कशी मागावी, थोरल्या भावाला हिशेब कसा विचारावा! भीड ही भिकेची बहीण, असें आपण मुलांना शिकवितों. आणि घराच्या व्यवहारांत तिलाच मानानें पाटावर बसवितों. पुढें आम्ही ज्या सूचना करणार आहों, त्यांचें सार एवढेंच कीं, जें विचारावयाचें तें आधीं विचारावें, आणि जें सांगावयाचें तें आधीं सांगावें.

आपण विकत काय घेतों?

घर घेणें म्हणजे विटा आणि फरशा घेणें नव्हे. त्यांवरील हक्क घेणें होय. विकणाऱ्यापाशीं जेवढा हक्क असेल तेवढाच तो दुसऱ्यास देऊं शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा कीं, हें घर यांच्याकडे आलें कसें? ज्या खरेदीखतानें, वांटणीपत्रानें, बक्षीसपत्रानें किंवा मृत्युपत्रानें तें आलें, तो मूळ दस्त डोळ्यांनीं पाहावा. छायाप्रतीवर समाधान मानूं नये. ‘मूळ कागद कपाटांत आहे’ असें उत्तर आलें, तर तें कपाट विकणाऱ्याचें आहे कीं त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचें आहे, हेंही विचारून घ्यावें.

त्या दस्तामागचा दस्त, त्यामागचा आणखी एक, अशी निदान तीस वर्षांची साखळी वकिलाकडून तपासून घेण्याची रीत आहे. यासाठीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील नोंदींचा शोध घेतात; ‘सूची क्रमांक दोन’ म्हणजे ‘इंडेक्स टू’ हा उतारा याच शोधांतला. नुसते मूळ दस्त बँकेंत ठेवून घेतलेलें कर्ज पूर्वीं या दफ्तरांत दिसत नसे. सन २०१३ पासून महाराष्ट्रांत अशा गहाणाची सूचना नोंदणी कचेरींत दाखल करण्याचें बंधन झालें आहे, म्हणून तीही आतां शोधांत सांपडूं शकते. याशिवाय वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन कोणाची हरकत असल्यास ठराविक दिवसांत कळविण्यास सांगावें. हा खर्च घराच्या किंमतीच्या मानानें यत्किंचित् असतो.

मिळकत पत्रिका, खेड्यांतील सातबारा व फेरफार, महापालिकेच्या कराची पावती, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, हे सर्व कागद पाहावेत. परंतु त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. हे साक्षीदार आहेत, धनी नव्हेत. सरकारी सारा किंवा कर कोणाकडून घ्यावा यासाठीं त्या नोंदी ठेवलेल्या असतात. नुसत्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, आणि नोंद नसल्यानें खऱ्या वारसाचा हक्क बुडत नाहीं. साक्षीदार आणि मूळ दस्त यांची जबानी जुळते कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

दस्तांच्या नांवांतही फसगत होते. साठेखत आणि खरेदीखत यांतील भेद पुष्कळांस ठाऊक नसतो. साठेखत हा वाङ्निश्चय आहे, खरेदीखत हें लग्न आहे. सन १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा स्पष्ट सांगतो कीं, विक्रीच्या नुसत्या करारानें मिळकतींत हक्क निर्माण होत नाहीं, आणि शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तो नोंदणीस दाखल करावा लागतो. मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला, किंवा मुखत्यारपत्र घेऊन ताबा घेतला, म्हणजे घर आपलें झालें, अशा समजुतीनें अनेकांनीं पैसे मोजले आहेत. मुखत्यारपत्रावर आधारलेल्या असल्या ‘विक्री’नें मालकी मिळत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें सन २०११ मध्यें दिला आहे.

विकणारा नक्की कोण?

एकत्र कुटुंबाचें घर घेतांना किंवा विकतांना सर्वांत अवघड प्रश्न हाच. घरचा कर्ता पुरुष बोलणी करतो, चहा होतो, किंमत ठरते. परंतु कर्त्याला एकत्र कुटुंबाची मिळकत वाटेल तेव्हां विकण्याचा अधिकार नाहीं. कुटुंबाची कायदेशीर गरज असेल किंवा मिळकतीचें हित साधत असेल, तरच त्याची विक्री इतरांवर बंधनकारक होते. आणि तशी गरज होती काय, याची चौकशी करण्याचा भार घेणाऱ्यावर असतो. म्हणून सर्व सज्ञान हिस्सेदारांच्या सह्या दस्तावर घेणें हाच राजमार्ग होय.

हे हिस्सेदार कोण? वडील मृत्युपत्र न करतां वारले असतील आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचें असेल, तर सन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें त्यांची पत्नी, त्यांची आई, मुलगे आणि मुली हे सर्व सारख्या हिश्शानें वारस होतात. वडिलोपार्जित मिळकतींत महाराष्ट्रानें सन १९९४ मध्यें मुलींना जन्मसिद्ध हिस्सा दिला. परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशाला लागूं झालेल्या दुरुस्तीनें तो भेद काढून टाकला. त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, मुलीचा हक्क जन्मानेंच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या विक्रीला किंवा वांटणीला मात्र या दुरुस्तीची बाधा येत नाहीं. राहत्या घराची वांटणी मागण्याचा हक्क मुलींना नाहीं, असें एक कलम जुन्या कायद्यांत होतें. तेंही सन २००५ मध्यें गेलें. यावरून, ‘मुलींचा काय संबंध, त्या आपल्या घरीं सुखी आहेत,’ हें वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडीं कितीही गोड वाटलें, तरी घेणाऱ्यानें तें धोक्याचा कंदील समजावें.

हिस्सेदारांत कोणी अज्ञान मूल असेल तर अधिक जपावें. मुलाला वारसानें मिळालेला स्वतंत्र हिस्सा त्याच्या नैसर्गिक पालकासही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवांचून विकतां येत नाहीं. तशी परवानगी नसेल तर तें मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत विक्री रद्द करून मागूं शकतें. ज्या पुतण्याला आज आपण मांडीवर घेऊन खाऊ देतों, तोच पंधरा वर्षांनीं वादी होऊन उभा राहावा, अशी वेळ येऊं देऊं नये.

एकाच भावाचा हिस्सा स्वस्तांत मिळतो म्हणून घेण्याचा मोह कोणास होतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील एकाचा हिस्सा परक्यानें घेतला, तरी त्याला त्या घरांत इतरांबरोबर राहावयास जाण्याचा हक्क मिळत नाहीं. त्याला वांटणीचा दावा करावा लागतो. आणि तो दावा त्यानें केला, कीं सन १८९३ च्या वांटणीच्या कायद्यानें घरच्या माणसांना योग्य किंमत देऊन तो हिस्सा परत घेण्याची मुभा आहे. घराच्या उंबऱ्याचा एवढा मान कायद्यानेंही राखला आहे.

एका वाड्याची हकीकत

आमच्या परिचयाचें एक कुटुंब पुण्यांतील एका जुन्या पेठेंत चार पिढ्या राहत आलें. घरांत वृद्ध आई, तीन भाऊ, आणि लग्न होऊन परगांवीं गेलेल्या दोन बहिणी. वाडा मोडकळीस आला, तेव्हां तिन्ही भावांनीं एका बांधकाम व्यावसायिकाशीं बोलणें पक्कें केलें. बहिणींना दूरध्वनीवरून कळविलें कीं, ‘कागद पाठवतों आहोंत, सही करून लगेच परत पाठवा.’ धाकटीनें होय म्हटलें. थोरली कांहीं बोलली नाहीं. भावांनीं तिचें मौन म्हणजे संमति असें धरिलें.

पुढें जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली आणि थोरलीच्या वकिलाची हरकत येऊन दाखल झाली. भाऊ संतापले. ‘लग्नांत काय कमी केलें? बाळंतपणें केलीं, सणवार केले, आणि आतां वाड्यांत वांटा मागते!’ हें सर्व ते आपसांत बोलले. तिच्याशीं कोणी बोललें नाहीं. सव्वा वर्ष काम अडून राहिलें. दरम्यान मधल्या भावानें वाड्याच्या पैशाच्या भरंवशावर दुसरीकडे एका घराचा विसार दिला होता. त्याची मुदत टळली आणि विसाराची रक्कम बुडाली. त्या दोघां भावांचें बोलणें बंद झालें तें यावरून, बहिणीवरून नव्हे.

शेवटीं थोरला भाऊ स्वतः बहिणीकडे गेला. ती त्याला म्हणाली, “दादा, सही मागायला तूं कागद धाडलेस. माझा हिस्सा किती, तें सांगायला कुणाला धाडलंस का?” त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. परत आल्यावर त्यानें वकिलाकडे बसून सर्व हिस्सेदारांची यादी करविली. त्या यादींत पहिलेंच नांव आईचें निघालें. व्यावसायिकाशीं झालेल्या कच्च्या करारांत तें कोठेंच नव्हतें. आणि त्याच वाड्यांत देवघराशेजारच्या खोलींत बसून ती माउली हीं सर्व बोलणीं सव्वा वर्ष ऐकत होती.

पुढें धाकटीनें आपण होऊन हक्कसोडपत्र नोंदवून दिलें. थोरलीनें दिलें नाहीं. तिनें आपला हिस्सा पैशाच्या रूपानें घेतला. आईला नव्या इमारतींत तिच्या नांवानें घर मिळालें. थोरली त्या वर्षीं भाऊबीजेस आली नाहीं; त्याच्या पुढच्या वर्षीं आली.

बहिणीनें हिस्सा घ्यावा कीं सोडावा, हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. घेतला तर तो भावांचा तोटा नव्हे, आणि सोडला तर तो तिचा धर्म नव्हे. दोन्हीं तिच्या मर्जीचीं. मात्र सोडावयाचा झाल्यास आपण किती मोलाचें सोडतों हें तिला आधीं कळलें पाहिजे, आणि हक्कसोडपत्र रीतसर नोंदणी करूनच झालें पाहिजे. पोस्टानें आलेल्या कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या दस्तावर कोणत्याही स्त्रीनें, कोणाच्याही शब्दावर, सही करूं नये.

परदेशीं असलेल्या भावंडांविषयीं एक सूचना. अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत राहणाऱ्या हिस्सेदाराचें मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातींत, किंवा तेथील रीतीप्रमाणें, साक्षांकित करून आणावें लागतें, आणि तें भारतांत पोहोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा लागतो. दस्ताचा दिवस ठरवून मग मुखत्यारपत्र मागविणारे लोक ऐन वेळीं अडचणींत येतात.

नवी सदनिका, जुनी सदनिका

नव्या इमारतींत सदनिका घेणाऱ्यांस सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, म्हणजे लोक ज्याला ‘रेरा’ म्हणतात त्यानें, पुष्कळ बळ दिलें आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजे, चालू दावे आणि पूर्ण करण्याची तारीख घरबसल्या पाहतां येते. किंमतीच्या एकदशांशाहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनाम्यापूर्वीं घेण्यास व्यावसायिकाला मनाई आहे. किंमत चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आंत प्रत्यक्ष वापरावयास मिळणाऱ्या जागेवर, सांगितली पाहिजे. ताबा मुदतींत न दिल्यास व्याज मागतां येतें किंवा व्याजासह पैसे परत घेतां येतात. आणि ताब्यानंतर पांच वर्षांपर्यंत बांधकामांत निघालेला दोष व्यावसायिकानें स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा असतो.

परंतु पांचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पास ही नोंदणी सक्तीची नाहीं. जुन्या पेठांतील वाड्यांच्या जागा बहुधा लहान असतात. म्हणून जेथें आपल्याला ओळखीचा शेजार आणि देवळाची घंटा यांचा मोह अधिक, तेथेंच कायद्याचें हें छत्र नसण्याचा संभव अधिक, हें विसरूं नये.

जुनी सदनिका घेतांना सोसायटीचें भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, महापालिकेचें भोगवटा प्रमाणपत्र, आणि जमीन सोसायटीच्या नांवें झाली आहे कीं नाहीं, हें पाहावें. जमीन अजून मूळ मालकाच्याच नांवावर असल्यास ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा मार्ग सन २००८ च्या दुरुस्तीनें मोकळा आहे, परंतु तें काम व्हावयाचें आहे, हें जाणून मग किंमत ठरवावी. सोसायटींत ‘वारस’ म्हणून ज्याचें नांव लाविलें आहे तोच मालक, ही समजूतही सोडावी. नामनिर्देशित व्यक्ति ही खऱ्या वारसांसाठीं सांभाळणारी असते. तिची एकटीची सही पुरत नाहीं.

वाडा विकसनास देणाऱ्यांनीं करारनामा नोंदणीकृत करावा. आपल्याला मिळणारी जागा चटई क्षेत्रांत लिहून घ्यावी. नवें घर ताब्यांत येईपर्यंतचें भाडें, आणि काम अर्धवट राहिल्यास उपयोगी पडेल अशी बँकेची हमी, यांचा उल्लेख त्यांत करवावा. वाड्यांत भाडेकरू असतील तर ते विक्रीनें जात नाहींत. नवा मालक जुन्या मालकाच्या जागीं येतो, एवढेंच. त्यांच्याशीं आधीं लेखी समजूत करून मगच पुढें जावें.

कोंकणांतील गांवीं किंवा गोव्यांत निवृत्तीनंतर घर घ्यावें, अशी हौस आपल्या लोकांस फार. कोंकणांत ‘प्लॉट’ म्हणून दाखविलेली जमीन बिगरशेती झाली आहे काय, हें प्रथम पाहावें. कारण महाराष्ट्रांत शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. आंब्याच्या दोन कलमांकडे पाहून विसार देणारे तेथें थोडे नाहींत. गोव्यांत पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळें पति-पत्नींची मिळकत सामान्यतः समाईक असते. तेथील विकणाऱ्याच्या दस्तावर त्याच्या जोडीदाराचीही संमति पाहिजे, आणि मुली तेथें कधींच्याच वारस आहेत.

पैशाची बाजू

घराचा व्यवहार धनादेशानें किंवा बँकेमार्फत करावा. सन २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे, आणि स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊं शकतो. ‘थोडे वरून द्या’ असें कोणी म्हटल्यास, तेथेंही भीड धरूं नये. व्यवहार मोडला तर वरून दिलेले पैसे कोणत्या कागदावर मागणार? आणि पुढें तेंच घर विकतांना कमी दाखविलेल्या किंमतीमुळें नफा अधिक दिसून कर आपल्यालाच भरावा लागतो.

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यदर तक्त्यावरून निघणारी किंमत यांपैकीं जी अधिक असेल तिच्यावर द्यावें लागतें. केवळ स्त्रियांच्या नांवानें घेतलेल्या राहत्या घरास महाराष्ट्रांत सन २०२१ पासून त्यांत एक टक्का सवलत आहे. पैसे वाचतात म्हणून कां होईना, घरांतील स्त्रीचें नांव दस्तावर येत असेल तर आम्हांस त्याचा आनंदच आहे. किंमत पन्नास लाख रुपये किंवा अधिक असेल तर घेणाऱ्यानें एक टक्का आयकर कापून सरकारांत भरावयाचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर ही मर्यादा लागूं नसून कपातीचा दरही बराच मोठा असतो.

विकणाऱ्यास नफ्यावर कर लागतो. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीच्या घरावरील या कराचा दर सन २०२४ मध्यें साडेबारा टक्के झाला. मात्र २३ जुलै २०२४ पूर्वीं मिळालेल्या मिळकतीपुरती येथील रहिवाशांस महागाईचा हिशेब धरून वीस टक्क्यांनीं आकारणी करून पाहण्याची मुभा राहिली आहे. दोहोंत कमी असेल तें भरावें. जुन्या वाड्याची मूळ किंमत सांगतां येत नसेल तर १ एप्रिल २००१ रोजींचें वाजवी मोल धरतां येतें. तें नोंदणीकृत मूल्यमापकाकडून आधींच काढवून ठेवावें. नफा दुसऱ्या राहत्या घरांत ठराविक मुदतींत गुंतविल्यास सवलत मिळते. प्रत्येक हिस्सेदाराचा हिशेब वेगळा असतो, म्हणून सर्वांचा पैसा एकाच भावाच्या खात्यांत जमा करूं नये.

विकणाऱ्यानें घराचे दोषही सांगावेत. पावसाळ्यांत गळणारी भिंत उन्हाळ्यांत रंगवून दाखविणें यांत चातुर्य असेल, सचोटी नाहीं. घेणाऱ्यास सहज न कळणारे महत्त्वाचे दोष, मग ते इमारतींतले असोत वा हक्कांतले, उघड करणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे, असें सन १८८२ चा तो कायदाच सांगतो.

वडीलधाऱ्यांस एक विनंती

जुनें घर विकून मुलाबरोबर नवें मोठें घर घ्यावें, असा विचार आज पुष्कळ घरीं चालतो. विचार चांगला आहे. परंतु ज्याचा पैसा त्याचें नांव नव्या दस्तावर असलें पाहिजे. ‘मुलाच्या नांवावर काय अन् माझ्या नांवावर काय’ हें बोलणें प्रेमाचें खरें; तरी तें बोलून दाखवावें आणि दस्तावर आपलें नांव घालावें. घर मुलास बक्षीस द्यावयाचेंच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट दस्तांत लिहावी. तशी अट घालून दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, सन २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यान्वयें परत मागतां येते. चांगल्या मुलाला या अटीनें राग येण्याचें कारण नाहीं. ज्याला राग येईल त्याच्यासाठींच ती अट आहे.

आपल्या येथें नव्या घरांत जातांना वास्तुशांति करतात. त्या दिवशीं आपण दूरच्या आप्तांनाही आठवणीनें बोलावितों, कोणाचें आमंत्रण राहूं नये म्हणून दोन-दोन वेळां यादी वाचतों. तशीच एक यादी घराचा व्यवहार ठरण्यापूर्वीं करावी: या घरांत कोणाचा हक्क आहे, कोणाला विचारलें, कोणाला विचारावयाचें राहिलें. ज्या घरीं असा विचार सध्यां चालू असेल, तेथील वाचकांस आमची एवढीच विनंती कीं, आज रात्रीं जेवणें झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन सर्वांनीं एकत्र बसावें, आणि पहिलें नांव आईचें लिहावें.